उसाचा भाव, रिक्षाचे भाडे आणि दहावीचा आलेख

कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात मूल नववी-दहावीत गेले की घरोघरी तेच प्रश्न निघतात. ‘समीकरण सुटतं, पण आलेख कशासाठी काढायचा?’ ‘फल म्हणजे नेमकं काय? समीकरणच ना?’ ‘क्लासला जातो, तरी शाब्दिक उदाहरण आलं की पेन थांबतं.’ पालकांची अडचण वेगळी असते. आपण शाळेत शिकलेले विसरून गेलो, आता मुलाला काय सांगणार, असे त्यांना वाटते.

प्रत्यक्षात या भागातल्या बहुतेक घरांत रेषीय समीकरणे रोज वापरली जातात. उसाचे बिल, रिक्षाचे भाडे, टेम्पोचे भाडे, विजेचे बिल, कारखान्यातल्या सीएनसी मशीनचा प्रोग्रॅम या सगळ्यांत तीच असतात. म्हणून या लेखात पाठ्यपुस्तकाचा क्रम बाजूला ठेवून तुमच्या ओळखीच्या हिशेबांपासून सुरुवात करू. पाठ्यपुस्तकात चलांसाठी इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. इथे क्ष आणि य वापरले आहेत.

गोंधळ कुठून सुरू होतो?

आधी हा विषय पुस्तकात कुठे कुठे विखुरला आहे ते पाहा. बालभारतीच्या सध्याच्या पुस्तकांत तो असा येतो:

- आठवी: चलन (समचलन, व्यस्तचलन) आणि एकचल समीकरणे
- नववी, भाग १: दोन चलांतील रेषीय समीकरणे
- नववी, भाग २: निर्देशक भूमिती
- दहावी, भाग १: पहिलेच प्रकरण, दोन चलांतील रेषीय समीकरणे, त्यात आलेख आणि क्रेमरची पद्धत
- दहावी, भाग २: निर्देशक भूमितीत रेषेचा चढ
- अकरावी: फल

समीकरण एका पुस्तकात, त्याच रेषेचा चढ दुसऱ्या पुस्तकात आणि दोन्हींना बांधणारी ‘फल’ ही कल्पना दहावी ओलांडल्यावर. पेपरही दोन. त्यामुळे भाग १ मध्ये आलेख काढणाऱ्या आणि भाग २ मध्ये चढ काढणाऱ्या मुलाला आपण एकाच रेषेबद्दल बोलतो आहोत हे उमगतच नाही. पहिले काम एवढेच करा: ही दोन्ही प्रकरणे एकापाठोपाठ एक, एकाच आठवड्यात वाचायला घ्या.

फल म्हणजे काय? उसाच्या भावावरून पाहा

शिरूर आणि दौंड तालुक्यांत उसाची एफआरपी (कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर) सर्वांना माहीत आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये हा दर ठरवला. उतारा त्याहून ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलमागे ३.४६ रुपये वाढतात आणि तेवढाच कमी झाला की तेवढेच कमी होतात. ही घट ९.५ टक्क्यांपाशी थांबते. उतारा ९.५ किंवा त्याहून कमी असला तरी दर ३२९.०५ रुपये क्विंटल, टनाला ३,२९०.५० रुपये.

उतारा सांगितला की भाव ठरतो आणि एका उताऱ्याला एकच भाव असतो. याच नात्याला फल म्हणतात: एक आत घातले की बाहेर एकच, ठरलेले उत्तर येते. समीकरण हे त्या नात्याचे लेखी रूप आणि आलेख हे त्याचे चित्र. टनाचा भाव काढून पाहा:

- उतारा ९.० → ३,२९०.५० रुपये
- उतारा ९.५ → ३,२९०.५० रुपये
- उतारा १० → ३,४६३.५० रुपये
- उतारा १०.२५ → ३,५५० रुपये
- उतारा ११ → ३,८०९.५० रुपये
- उतारा १२ → ४,१५५.५० रुपये

पहिल्या दोन ओळी नीट पाहा. उतारे वेगळे, भाव एक. ‘मग हे फल कसे?’ असे मुले विचारतात. फलच आहे, कारण अट एकाच बाजूने आहे: एका उताऱ्याला दोन भाव चालत नाहीत, दोन उताऱ्यांना एक भाव चालतो. उलट दिशेने मात्र गाडी अडते. टनाचा भाव ३,२९०.५० आहे एवढे सांगितले तर उतारा ९ होता की ९.३, हे कोणालाच सांगता येणार नाही.

आलेखावर ही अट तपासणे सोपे आहे. पट्टी उभी धरून डावीकडून उजवीकडे सरकवा. पट्टी आलेखाला कुठेही दोन ठिकाणी छेदत नसेल तर ते फल आहे. वर्तुळाला ती दोनदा छेदते, म्हणून वर्तुळ हे फल नव्हे. उभी रेषाही फल नव्हे.

(प्रत्यक्ष बिलात तोडणी-वाहतुकीची वजावट असते आणि कोणत्या हंगामाचा उतारा धरायचा हा वेगळा वाद आहे. इथे फक्त दराचे सूत्र पाहतो आहोत.)

कोणतेही रेषीय समीकरण तीन प्रश्नांनी वाचा

९.५ च्या पुढचा भाग एका ओळीत लिहू. उताऱ्याला क्ष आणि टनाच्या भावाला य म्हणा. ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३.४६, म्हणजे १ टक्क्याला टनामागे ३४६ रुपये.

य = ३५५० + ३४६ × (क्ष − १०.२५)

कंस सोडवला की: य = ३४६क्ष + ३.५

आता सोडवायची घाई न करता हे तीन प्रश्न विचारा.

1. चढ किती? क्ष एकाने वाढला की य कितीने वाढतो? क्षचा सहगुणक ३४६ आहे, म्हणून एका टक्क्यामागे ३४६ रुपये. चढ ऋण असेल तर य कमी होत जातो.
2. रेषा य-अक्षाला कुठे छेदते? क्ष शून्य धरला की य किती? इथे ३.५.
3. सूत्र कुठून कुठपर्यंत लागू? इथे उतारा ९.५ पासून पुढे.

तिसरा प्रश्न पुस्तकात क्वचितच विचारला जातो, आणि चूक तिथेच होते. वरच्या सूत्रात क्ष = ० घातला तर भाव साडेतीन रुपये टन निघतो! गणित बरोबर आहे, अर्थ मात्र शून्य, कारण ९.५ च्या खाली हे सूत्रच नाही. तिथे आडवी रेषा आहे: य = ३२९०.५, चढ शून्य. संपूर्ण आलेख म्हणजे आधी आडवी जाणारी आणि ९.५ पाशी वर वळणारी मोडकी रेषा.

तेच तीन प्रश्न रिक्षाला लावा. पुण्यात १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेला दर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये असा होता. दीड किलोमीटरच्या पुढे:

य = २५ + १७ × (क्ष − १.५), म्हणजे य = १७क्ष − ०.५

१० किलोमीटरला १६९.५० रुपये. ‘सुरुवातीचे २५ रुपये गेले कुठे, इथे तर उणे अर्धा रुपया आहे’ असे मूल म्हणाले तर त्याला दाद द्या, ते विचार करते आहे. ते २५ रुपये दीड किलोमीटरवरचे आहेत, शून्यावरचे नाहीत. म्हणून शाब्दिक उदाहरणात ‘पहिल्या अमुक किलोमीटरला’ असे शब्द दिसले की थेट ‘२५ + १७क्ष’ लिहू नका. त्यात दीड किलोमीटरचे पैसे दोनदा मोजले जातात आणि १० किलोमीटरला १९५ रुपये येतात.

हिशेब रेषीय आहे की नाही, हे आधी तपासा

सगळे काही रेषेत जात नाही. तपासणी एका मिनिटाची आहे: क्ष सारख्या टप्प्याने वाढवा आणि य दर वेळी तेवढाच वाढतो का पाहा. १०,००० रुपये १० टक्के दराने ठेवले तर तीन वर्षांत असे होते:

- सरळव्याज: ११,०००, १२,०००, १३,०००. दर वर्षी १,००० ची वाढ, म्हणून रेषीय.
- चक्रवाढव्याज: ११,०००, १२,१००, १३,३१०. वाढ १,०००, मग १,१००, मग १,२१०. म्हणून रेषीय नाही.

विजेच्या बिलात तिसराच प्रकार आहे. महावितरणच्या घरगुती बिलात १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यात सरळ रेषा आणि टप्पा बदलला की चढ वाढतो. ‘१०१ वे युनिट झाले की सगळे बिल महागड्या दराने लागते’ असा समज बऱ्याच घरांत आहे. तो चुकीचा आहे. वाढीव दर फक्त १०० च्या वरच्या युनिटांना लागतो. आलेखात रेषा १०० वर वाकते, उडी मारत नाही. बिल हातात घेऊन मुलाकडून हा आलेख काढून घ्या.

आलेख काढण्याच्या पायऱ्या

1. समीकरणातून क्रमित जोड्यांचा तक्ता करा. रेषेला दोन बिंदू पुरतात, पण तिसरा बिंदू तपासणीसाठी घ्याच. तिन्ही एका रेषेत आले नाहीत तर हिशेब चुकला आहे, हे तिथेच कळते.
2. सोप्या किमती निवडा. क्ष = ० आणि य = ० घातल्याने बहुधा पूर्णांक मिळतात. अपूर्णांक आले तर दुसरी किंमत घ्या.
3. दोन्ही अक्ष आखा, आरंभबिंदूवर ० लिहा, अक्षांची नावे आणि बाण दाखवा.
4. प्रमाण ठरवा आणि कोपऱ्यात लिहा: दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक, किंवा जे असेल ते.
5. बिंदू मांडा, पट्टीने रेषा ओढा, रेषेवर तिचे समीकरण लिहा.
6. छेदबिंदूचे निर्देशक आलेखावर लिहा आणि उत्तर खाली वाक्यात द्या.

हमखास होणाऱ्या चुका:

- (०, २) आणि (२, ०) यांची अदलाबदल. पहिला आकडा आडवा, दुसरा उभा. क्ष शून्य असेल तर बिंदू य-अक्षावर असतो.
- क्ष = ३ ही रेषा आडवी काढणे. या रेषेवर क्ष नेहमी ३, म्हणून ती उभी असते. य = ३ ही आडवी.
- रेषा दोन बिंदूंपाशीच थांबवणे. छेदबिंदू बऱ्याचदा त्या बिंदूंच्या पलीकडे असतो.
- दोन अक्षांवर वेगळे प्रमाण घेऊन ते न लिहिणे.

प्रमाणाबद्दल आणखी एक. एफआरपीचा आलेख शून्यापासून काढला तर तो जवळजवळ कोपऱ्यात गोळा होतो, म्हणून य-अक्ष ३,००० पासून सुरू करणे सोयीचे. तसे केल्यास अक्षावर वाकडी खूण करून मधला भाग सोडला आहे हे दाखवा. वर्तमानपत्रातला आलेख वाचतानाही आधी ही खूण शोधा. अक्ष शून्यापासून सुरू नसेल तर किरकोळ वाढही डोंगराएवढी दिसते.

आलेख वाचायला दौंडची गाडी घ्या

आलेख काढता येणे निराळे आणि वाचता येणे निराळे. वाचनाच्या सरावासाठी रेल्वेचा तक्ता उत्तम. विभागातल्या गाड्यांवर लक्ष ठेवणारे रेल्वेचे नियंत्रक अशाच आलेखावर काम करत आले आहेत: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर ओळीने स्थानके, आणि प्रत्येक गाडीची एक रेषा. आता हे संगणकावर होते, चित्र मात्र तेच.

पुणे-दौंड मार्गाच्या वेळापत्रकातून दोन गाड्या निवडा आणि स्थानकांच्या वेळा आलेख-कागदावर मांडा. मग मुलाला विचारा:

- कोणती रेषा जास्त उभी आहे? (तीच गाडी वेगवान. चढ म्हणजे इथे वेग.)
- रेषा आडवी कुठे झाली? (गाडी तिथे थांबली. वेळ पुढे जाते, अंतर तेवढेच राहते.)
- एक रेषा चढती आणि दुसरी उतरती का? (गाड्या विरुद्ध दिशांच्या आहेत.)
- रेषा कुठे छेदतात? (त्या वेळी दोन्ही गाड्या एकाच ठिकाणी आहेत.)

एकेरी मार्गावर हा छेदबिंदू स्थानकावरच पडावा लागतो, कारण दोन गाड्या तिथेच एकमेकींना ओलांडू शकतात. छेदबिंदूला एवढे महत्त्व का, हे मुलांना या एका उदाहरणात पटते.

दोन समीकरणे: कोणता टेम्पो परवडेल?

समजा, तुम्हाला कांद्याच्या गोण्या पुण्याच्या मार्केट यार्डात पाठवायच्या आहेत. पहिला टेम्पोवाला १,५०० रुपये आणि गोणीमागे २० रुपये मागतो. दुसरा ९०० रुपये आणि गोणीमागे ३० रुपये. गोण्या क्ष, एकूण भाडे य:

- पहिला: य = १५०० + २०क्ष
- दुसरा: य = ९०० + ३०क्ष

दोन्ही भाडी सारखी कधी? १५०० + २०क्ष = ९०० + ३०क्ष, म्हणून १०क्ष = ६०० आणि क्ष = ६०, य = २,७००. उत्तर (६०, २७००).

शाळेत उत्तर इथे संपते, निर्णय मात्र इथून सुरू होतो. ६० पेक्षा कमी गोण्या असतील तर दुसरा स्वस्त, जास्त असतील तर पहिला. ४० गोण्यांना पहिला २,३०० आणि दुसरा २,१०० घेतो. १०० गोण्यांना पहिला ३,५०० आणि दुसरा ३,९००. आलेखावर ६० च्या डावीकडे दुसऱ्याची रेषा खाली आणि उजवीकडे पहिल्याची खाली दिसते. मोबाइलचे प्लॅन, मशीन भाड्याने घ्यायचे की विकत, पाणी टँकरने आणायचे की जोडणी घ्यायची, असे प्रश्न याच साच्यात बसतात.

दोन रेषांचे तीनच प्रकार होतात:

- छेदतात: एकच उकल. वरचे उदाहरण.
- समांतर: उकल नाही. दोघांचा गोणीमागचा दर सारखा, फक्त सुरुवातीची रक्कम वेगळी. मग कितीही गोण्या असोत, कमी रकमेवालाच स्वस्त.
- एकमेकींवर बसतात: अगणित उकली. दोघांचा दर तंतोतंत एकच.

सोडवण्याची पद्धत कशी निवडाल?

- प्रश्नात ‘आलेखाने’ किंवा ‘क्रेमरच्या पद्धतीने’ असे लिहिले असेल तर तीच पद्धत वापरा. उत्तर बरोबर असूनही पद्धत बदलली तर गुण जातात.
- एका चलाचे सहगुणक सारखे असतील तर बेरीज किंवा वजाबाकी करून ते चल घालवा.
- सहगुणकांची अदलाबदल दिसत असेल तर आधी बेरीज, मग वजाबाकी. उदाहरणार्थ १९क्ष + २१य = ५९ आणि २१क्ष + १९य = ६१. बेरीज: ४०क्ष + ४०य = १२०, म्हणजे क्ष + य = ३. दुसऱ्यातून पहिले वजा: २क्ष − २य = २, म्हणजे क्ष − य = १. क्ष = २, य = १. मोठे गुणाकार करावेच लागत नाहीत.
- आकडे अवघड असतील तर क्रेमर.

क्रेमरच्या पद्धतीत बहुतेक चुका सुरुवातीलाच होतात. समीकरण आधी ‘अ × क्ष + ब × य = क’ या रूपात आणा. टेम्पोच्या समीकरणांचे रूप असे: २०क्ष − य = −१५०० आणि ३०क्ष − य = −९००. निश्चयक = २० × (−१) − ३० × (−१) = १०. क्षसाठीचा निश्चयक = (−१५००)(−१) − (−९००)(−१) = ६००. भागाकार ६०. यसाठीचा निश्चयक = २० × (−९००) − ३० × (−१५००) = २७,०००. भागाकार २,७००. स्थिरपद डावीकडेच राहिले किंवा ‘− य’ चा सहगुणक −१ ऐवजी १ घेतला, की पुढचे सगळे चुकते. मुख्य निश्चयक शून्य आला तर घाबरू नका, पण भागूही नका. रेषा समांतर किंवा एकच आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

पद्धत कोणतीही असो, शेवटी उत्तर दोन्ही मूळ समीकरणांत घालून पाहा. या तपासणीला अर्धे मिनिट लागते.

शाब्दिक उदाहरणात अडकत असाल तर

1. शेवटचे वाक्य आधी वाचा. काय काढायचे आहे?
2. त्याला अक्षर द्या आणि एककासह लिहा: ‘क्ष = गोण्यांची संख्या’. नुसते ‘क्ष = गोण्या’ लिहिले तर गोण्या की गोण्यांचे पैसे, याचा घोटाळा होतो.
3. प्रत्येक वाक्याचे एक समीकरण करा. दोन अज्ञात असतील तर दोन समीकरणे मिळालीच पाहिजेत.
4. उत्तराला अर्थ आहे का पाहा. गोण्या साडेसदतीस किंवा वय उणे असेल तर मागे जा.

अक्षर कोणते घ्यायचे याचे बंधन नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातल्या आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात अज्ञातांना यावत्-तावत्, कालक, नीलक अशी नावे दिली होती. मुलाला भावासाठी ‘भ’ आणि उताऱ्यासाठी ‘उ’ सोपे जात असेल तर घरच्या सरावात तसे खुशाल लिहू द्या.

‘याचा पुढे उपयोग काय?’

सणसवाडी किंवा रांजणगावच्या कारखान्यात सीएनसी लेथवर काम करणारे कोणी ओळखीचे असेल तर त्यांना विचारा. लेथवर एक्स आणि झेड हे दोन अक्ष असतात आणि ‘जी-०१’ ही आज्ञा हत्याराला एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत सरळ रेषेत नेते. ‘एक्स २०, झेड ०’ पासून ‘एक्स ३०, झेड −५०’ पर्यंत नेले की ५० मिलिमीटर लांबीत व्यास १० मिलिमीटरने वाढतो आणि टेपर (निमुळता आकार) तयार होतो. यातला सापळा असा की लेथवर एक्सचा आकडा साधारणपणे व्यासाचा असतो. त्रिज्या फक्त ५ ने वाढते, म्हणून कडेचा खरा चढ १० भागिले ५० नसून ५ भागिले ५० आहे.

दहावीनंतर निर्णय घेताना हे लक्षात ठेवा:

- अभियांत्रिकी, पॉलिटेक्निक: गणित लागणारच. आलेख आणि चढ पक्के नसतील तर सुट्टीत तेवढेच पक्के करा.
- वैद्यकीय: नीटमध्ये गणिताचा पेपर नाही, पण भौतिकशास्त्रात आलेख सतत येतात.
- वाणिज्य: अकरावीला गणिताला पर्यायी विषय घेता येतो. अर्थशास्त्रात मात्र मागणी-पुरवठ्याचे आलेख आहेतच.
- आयटीआय: कार्यशाळेतली आकडेमोड आणि ड्रॉइंग वाचन यांना निर्देशक समजलेच पाहिजेत.

परीक्षा आणि तुमचे हक्क

दहावीला भाग १ आणि भाग २ असे प्रत्येकी ४० गुणांचे, दोन तासांचे पेपर आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते. याबाबत एवढे माहीत असू द्या:

- निकालाबद्दल शंका असेल तर गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येते. पुनर्मूल्यांकनाआधी छायाप्रत घेणे बंधनकारक आहे. मुदती थोड्या दिवसांच्या असतात, निकालाच्या दिवशीच मंडळाची सूचना वाचा.
- छायाप्रत हातात आली की पायरीवार गुण पाहा. आलेखाचे पान आणि पुरवणी तपासली आहे का, हे आवर्जून बघा.
- विषय राहिला तर पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषयांत अनुत्तीर्ण असलेल्यांना एटीकेटीने अकरावीत जाता येते. वर्ष गेले असे समजून मुलाला घरी बसवू नका.
- मुलाला अध्ययन अक्षमता असल्याचे अधिकृत प्रमाणपत्र असेल तर मंडळाच्या सवलती मिळतात, त्यात वाढीव वेळही आहे. अर्ज शाळेमार्फत आणि वेळेत करावा लागतो. परीक्षा जवळ येण्याची वाट पाहू नका.
- बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. जुने पुस्तक हरवले म्हणून आठवीचे प्रकरण टाळायचे कारण नाही.

आजपासून काय कराल?

पालकांनो, तुम्हाला सूत्रे आठवत नसली तरी हरकत नाही. घरातले एक बिल मुलासमोर ठेवा आणि वरचे तीन प्रश्न विचारा: चढ किती, रेषा य-अक्षाला कुठे छेदते आणि सूत्र कुठून कुठपर्यंत लागू. विद्यार्थ्यांनो, आठवड्याला एक आलेख स्वतःच्या आकड्यांवर काढा आणि त्याखाली एक वाक्य लिहा, ‘या आलेखावरून मी काय ठरवीन?’ ते वाक्य लिहिता आले नाही तर समीकरण फक्त सुटले आहे, समजलेले नाही. त्या वेळी पुढचे उदाहरण घेऊ नका, तेच पुन्हा वाचा आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारा.